वाल्दिएरीची तबकडी

"पडून फुटली नाही, कुणीतरी फोडलीय," संजीवनी कारखानीस म्हणाल्या.

परदेशातल्या पासिर रिस या उपनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टेबलावर काळे तुकडे पसरले होते. खासगी तपासनीस प्रणिता देवधर ते न्याहाळत होती. तिचा सहकारी अनिमेष तुकडे जुळवायला बसला.

"मधलं लेबलच नाही," तो पुटपुटला.

ओर्नेला वाल्दिएरी ही एकेकाळी इटलीची लाडकी गायिका. युद्धात ती जर्मन अधिकाऱ्यांची करमणूक करायची, असा बोभाटा झाला आणि नंतर तिला कुणी मंचावर उभं केलं नाही. पण संजीवनीताईंचे वडील, मराठा पलटणीतले शिपाई, इटलीतल्या युद्धकैदेतून पळाले तेव्हा तिनेच त्यांना वर्षभर तळघरात लपवलं होतं. निघताना तिने १९४४ सालची ही लाखेची ग्रामोफोन तबकडी दिली. ताई दहा वर्षं ओर्नेलाचं चरित्र लिहीत होत्या. उद्या ग्रंथालयातल्या कार्यक्रमात तबकडी वाजणार होती.

"त्यात काय आहे?" प्रणिताने विचारलं.

"देव जाणे. बाबांनी कधी वाजवू दिली नाही. मीही नुसती जपली. लेबलवर तिचं नाव आणि साल, बस."

रेडिओवर काम करणारी क्षिप्रा आदल्या दिवशी येऊन गेली होती. "मी कॉपी काढून देते म्हटलं, ताई नाही म्हणाल्या. राग आला, पण फोडून मला काय मिळणार?"

जवळच्याच पुंगोलहून आलेला त्यांचा मुलगा अश्विन वैतागला होता. "आईला नातीपेक्षा ती गायिका जवळची. पण फोडणार? छे, नो लाह!"

पुण्याहून महिनाभरासाठी आलेला भाऊ निशिकांत मात्र शांत होता. "खिडकी उघडी होती, वाऱ्याने पडली असेल. एका परीने बरंच झालं. ते जर्मन गाणं ऐकून लोक ताईवरच तुटून पडले असते."

अनिमेष एक तुकडा बोटांत दाबत होता. "प्रणिता, हा वाकतोय बघ."

तिने पाहिलं. मग सगळ्यांना बसायला सांगितलं.

"लाखेची तबकडी काचेसारखी तुटते, वाकत नाही. हे प्लास्टिक आहे, कपाटातल्या एखाद्या नंतरच्या एलपी रेकॉर्डचं. ओळख पटू नये म्हणून लेबल काढून टाकलंय. म्हणजे खरी तबकडी शाबूत आहे."

"मग कुणाकडे?" अनिमेष गोंधळला.

"जी कुणीच ऐकली नाही, त्यातलं गाणं जर्मन आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्याकडे. हो ना, निशिकांतकाका?"

निशिकांत उठला. मग आत जाऊन त्याने आपल्या बॅगेतून फडक्यात गुंडाळलेली तबकडी आणली.

"तू बाजारात गेलीस तेव्हा ऐकली, ताई. ती खुशीत गातेय गं. मागे ऑफिसर टाळ्या वाजवतायत. तुझी दहा वर्षं एका गाण्यात बुडाली असती. पण बाबांची आठवण, ती फोडवेना."

"लाव," संजीवनीताई म्हणाल्या.

खरखर, मग आवाज. खणखणीत, हसरा. टाळ्या. कुणीतरी बूट आपटून ठेका धरत होतं. अश्विनने मान खाली घातली.

गाणं संपल्यावर ताईंनी सुई उचलली.

"चव्वेचाळीस साल," त्या म्हणाल्या. "तेव्हा बाबा तिच्या तळघरात होते. बाबांना वाचवायला गात होती, की तिला टाळ्या हव्या होत्या, मला नाही माहीत. दोन्हीही असेल. तेच लिहीन."

त्यांनी भावाकडे पाहिलं.

"उद्या ही तूच वाजव. आणि निशी, पुढच्या वेळी मला कशापासून वाचवायचं ते आधी मला विचार."