पतंगाच्या शेपटीतला तारा

खण्‌कन झाकण पडलं आणि वसतिगृहातली शांतता मोडली. रुद्राणी डब्यात लाडू शोधत होती. आरोहीने झाकण उचलून दिलं, पण तिचं लक्ष हातातल्या कागदाच्या पट्टीवर होतं.

दिवाळीच्या सुट्टीत सगळी मुलं घरी गेली होती. सिरसाळ्याच्या या वसतिगृहात उरले होते तिघेच: तेरा वर्षांची आरोही, अकराचा सत्यम आणि सातची रुद्राणी. तिघांचेही आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात. चाळीस खाटांपैकी सदतीस रिकाम्या.

सुट्टीआधी विश्वेश्वर सरांनी मुलांना एक काम दिलं होतं. एका उपग्रहावरचं यंत्र अवकाशातून येणारे गॅमा किरण मोजतं. आपली हवा ते अडवते, म्हणून जमिनीवरून ते सापडत नाहीत. त्या नोंदींचे आलेख सरांनी छापून आणले, वहीत बसावेत म्हणून एकेका मिनिटाच्या पट्ट्या कापल्या आणि वाटून दिल्या. रेघेने उसळी मारली आणि दोन सेकंदांहून जास्त टिकून उतरली, तर दूर कुठे एखादा अवाढव्य तारा कोसळलेला असू शकतो, असं ते म्हणाले होते.

आरोहीच्या पट्टीत अगदी शेवटी रेघ वर चढली होती. रविवारी फोनवर तिने आईला सांगूनही टाकलं, की मला तारा सापडला. आणि आज त्याच पट्टीवर सरांची लाल शाई होती: 'यंत्राचा बिघाड'. रेघ चढली ती उतरलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. चार वाजता ते सापडलेल्या ताऱ्यांची यादी शास्त्रज्ञांकडे पाठवणार होते. संध्याकाळी आईचा फोन येणार होता.

"उतरंल कशी? कागदच संपलाय," आरोही म्हणाली. "पुढच्या मिनिटाची पट्टी कुणाकडं हाय?"

सत्यम नखं कुरतडू लागला. ती पट्टी त्याच्याच वाट्याला आली होती. रेघ पहिल्यापासूनच वर होती म्हणून सरांनी तीही बाद केली, आणि त्याने पतंगाच्या शेपटीला लावली. पतंग कालपासून पाण्याच्या टाकीवर अडकला होता.

"शेपटीला कावून लावलीस रे?"

"पतंग लई गिरक्या घेत होता. तुझा तारा तिच्यात हाय, हे मला काय ठाव?"

त्याने शिडी धरली. पडलीस तर माझं नाव सांगू नको, असंही बजावलं. आरोही वर चढली. टाकीवरून परळीचा रस्ता लांबवर दिसला. त्यावर ओळखीचं कुणीच नव्हतं. तिने शेपटी सोडवली आणि खाली उतरली.

चारला दहा मिनिटं असताना तिघं सरांच्या टेबलापाशी पोचली. आरोहीने दोन्ही पट्ट्या कडेला कड लावून ठेवल्या. रेघ चढली, कापलेल्या जागेवरून सरळ पलीकडे गेली आणि थरथरत खाली आली. तीस सेकंद.

"यंत्र बिघडलं न्हाई, सर," आरोही म्हणाली.

सरांनी चष्मा काढला. "नाही. मीच ती उसळी मधोमध कापली." त्यांनी लाल शेरा खोडला आणि यादीत नोंदीपुढे तिघांची नावं लिहिली. "चाळीस पोरांत आणि एका मास्तरात हे तुम्हालाच दिसलं. शाब्बास."

आता आईला खरं सांगता येणार होतं. तो उजेड इथवर यायला अब्जावधी वर्षं लागली असतील, असं सर सांगत होते. बाहेर पडल्यावर रिकाम्या व्हरांड्यात रुद्राणीने आरोहीचं बोट धरलं.

"ताई, तारा मेला तवा त्याच्याजवळ कुणी होतं का गं?"