गवतावरचं सात मीटर

धक्क्यावरून बोटीत उतरताना माझा पाय घसरला, त्याने हात दिला, आणि तो हात सोडायला दोघांनाही जरा उशीरच झाला. तो मोजणीच्या बोटीवरचा सर्वेक्षक. मी तिसऱ्या मजल्यावर बसून उपग्रहाच्या फोटोंवरून किनाऱ्याजवळचं पाणी किती खोल ते काढून नकाशात भरणारी. बोटीत मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते.

"पोहता येतं?"

"नाही."

"मग माझ्यापासून फार लांब बसू नका."

नाहीच बसले. केस तोंडावर येत होते, तो सुकाणू धरून गप्पा मारत होता. मध्येच खोली मोजणारं यंत्र टीं-टीं करायला लागलं, तर त्याने आवाजच बंद केला. "हं, काय म्हणत होता तुम्ही?"

काय म्हणत होते कुणास ठाऊक... बोट खर्रकन थांबली आणि मी त्याच्या खांद्यावर आदळले.

"नकाशात इथे सात मीटर पाणी आहे," असं म्हणत तो बूट काढून खाली उतरला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत काळपट हिरवं, लांब पात्यांचं गवत होतं.

फोटोत पाणी जितकं गडद तितकं खोल, असा आमचा हिशेब. पण तळाला दाट गवत असलं की उथळ पाणीही गडदच दिसतं. हे मला तोंडपाठ होतं. तरी त्या डागावर सात मीटर टाकून मी खुशाल चहाला उठले होते.

"कुणी केलाय हो हा नकाशा?" तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला. त्या हसऱ्या डोळ्यांत मला मूर्ख दिसायचं नव्हतं.

"आमच्याकडे एक काका आहेत..." मी म्हटलं.

काका माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. मला 'पोरी' म्हणतात, माझी चूक दिसली तर चारचौघांत न बोलता हळूच येऊन सांगतात. शब्द तोंडातून गेला आणि मला माझीच लाज वाटली.

"वय झालं असेल त्यांचं," तो समजुतीने म्हणाला. "भरती आली की सुटू आपण."

बोट कललेली, बाक एकच. त्याने स्वतःचं कोरडं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं. एरवी मी हरखून गेले असते, आता ते अंगाला टोचत होतं.

"एकदम गप्प झालात. भीती वाटते?"

"नाही."

"मग मी कंटाळा आणतोय."

"नाही हो..."

"दोनदा नाही म्हणालात. तिसरा प्रश्न जपून विचारायला हवा." त्याने फोन काढला. "आधी साहेबांना कळवतो. काकांना दुसरं काम द्या म्हणावं. उद्या माणसांनी भरलेली बोट इथे गवतावर चढली तर?"

मी त्याचं मनगट धरलं.

"काका नाहीत... नकाशा मी केलाय. तुमच्यासमोर मूर्ख दिसायचं नव्हतं, म्हणून खोटं बोलले." मान वर करायची हिंमत नव्हती. "आता खोटारडी दिसत असेन."

त्याने वाकून यंत्राचा आवाज चालू केला. टीं-टीं-टीं.

"हे मघाशीच सांगत होतं, पाणी संपत आलंय म्हणून. मीच त्याचं तोंड बंद केलं." त्याचे कान लाल झाले होते. "तुमचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं म्हणून. आणि काकांचं नाव निघाल्यावर मलाही सुटल्यासारखं वाटलं."

आम्ही दोघं त्या गवताकडे बघत बसलो.

"द्या इकडे फोन," मी म्हटलं.

साहेबांना सगळं सांगितलं. चूक माझी, तो डाग गवताचा, नकाशा आजच थांबवा. ते बोलले ते ऐकून घेतलं. मग त्याने फोन घेतला.

"बोट मी चढवली, साहेब. यंत्र चालू होतं. माझं लक्ष नव्हतं."

लक्ष कुठे होतं, असं साहेबांनी विचारलं असावं. त्याचं मनगट अजून माझ्याच हातात होतं. बोट खालून हळूच हलली.

"ते आधी तिला सांगतो, साहेब," तो म्हणाला. "मग तुम्हाला."