आठ मिलिमीटरने आखूड

पिशवी आठ मिलिमीटरने आखूड होती. तपासनीस बाईंनी स्टीलची पट्टी उचलून पुन्हा ठेवली. एकशे बारा. त्याच खोक्यातली दुसरीही एकशे बारा. शेजारच्या खोक्यातल्या मात्र सगळ्या एकशे वीस.

फॉइलच्या या पिशवीत तांदळाच्या दाण्याहून बारीक काडी असते. ती डोळ्याच्या आत बसवतात. तिचं पॉलिमर सावकाश विरघळतं आणि चार महिने औषध पाझरत राहतं. या खोक्यातल्या चार काड्या पाच आठवड्यांतच संपल्या आणि औषधाविना एका शिंप्याचा डावा डोळा गेला. आज अकरा वाजता त्याच्या उजव्या डोळ्यात याच खोक्यातली काडी बसायची होती. तो बाहेर बाकावर मुलीशेजारी बसला होता. साडेदहा वाजले होते.

"या मावशींना विचारा," डॉक्टरसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले. रुग्णालयाच्याच कारखान्यात या पिशव्या भरणाऱ्या पॅकिंगच्या मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचे कष्ट साहेबांनी घेतले नाहीत. "फ्रीज उघडा टाकला असेल. दमट हवेनं चार काड्या गेल्या. उरलेल्या झकास आहेत."

रुग्णालयाच्या अध्यक्ष म्हणजे साहेबांची थोरली बहीण. सगळे त्यांना ताई म्हणत. भावाबद्दलच्या आधीच्या दोन तक्रारींवर ताई 'बघू' एवढंच म्हणाल्या होत्या. आजही त्या कोपऱ्यात बसून चष्मा पुसत होत्या.

"मावशी, फ्रीज उघडा राहिला होता?"

"छे हो मॅडम. दार नीट लागलं नाही तर असा भोंगा वाजतो, अख्खा मजला गोळा होतो."

"तुमचं सील कसं उमटतं?"

"खाचाखाचांचं. कंगवा दाबल्यासारखं."

"आणि या आखूड पिशवीवरचं हे गुळगुळीत?"

"ते ऑपरेशन थिएटरच्या मशीनचं. तिकडे आम्हाला कोण फिरकू देतंय!"

साहेब हसले. "पट्टीनं मोजून तपास! शिवणकाम छान जमेल तुम्हाला."

बाईंनी त्यांच्या डोक्यामागच्या चकचकीत फोटोकडे पाहिलं. दोन पाहुणे, ट्रेमध्ये कापलेल्या पिशव्या, साहेबांच्या उघड्या तळहातावर काड्या. हातमोजे कुणीच घातले नव्हते.

"मार्चमध्ये गॅमा किरणांनी निर्जंतुक करणाऱ्या केंद्रात ऑपरेशनचे गाऊन आणि एक लहान खोकं कुणी पाठवलं?"

"मी. पावतीखाली सही आहे. वाचता येतं ना?"

"थिएटरच्या कात्र्या किती वेळा निर्जंतुक करता?"

"हजार वेळा करा. काय बिघडतं?"

"कात्रीचं काहीच नाही," बाई म्हणाल्या. मग त्या ताईंकडे वळल्या.

"फ्रीजचा दोष असता तर त्याच फ्रीजमधलं शेजारचं खोकंही बिघडलं असतं. ते ठणठणीत आहे. या पिशव्या कापून, कापलेल्या कडेखाली पुन्हा चिकटवल्या, म्हणून आखूड. सील थिएटरचं. साहेबांनी पाहुण्यांपुढे मिरवायला खोकं फोडलं. फेकलं असतं तर जाब द्यावा लागला असता, म्हणून गुपचूप पुन्हा किरण देऊन आणलं. कात्रीला चालतं ते काडीलाही चालेल, असं यांना वाटलं. किरणांनी जंतू मरतात, तशाच पॉलिमरच्या साखळ्याही तुटतात. एकदाची तूट गृहीत धरलेली असते. दुसऱ्यांदा काडी आतून खिळखिळी होते आणि औषध भसाभस बाहेर पडतं."

"आमच्या भिंतीवर लिहिलंय साहेब," मावशी म्हणाल्या. "किरण एकदाच. चांगलं मोठ्या अक्षरात."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "या आता मला शिकवणार! ताई, थोडं इकडेतिकडे होतंच. अकराचं मी उरकतो, मग घरी बोलू."

ताईंनी चष्मा घातला. त्या भावाकडे वळल्या.

"शिंप्याचं ऑपरेशन आपल्याकडच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाई करतील, चांगल्या खोक्यातली काडी घेऊन," त्या म्हणाल्या. "आणि तू आजपासून थिएटरमध्ये पाऊल टाकायचं नाहीस."