गोवालचं फडकं

ज्याला या थापा वाटतात, त्याने इथेच थांबावं. हे माझ्या आतेभावाच्या, भूपेशच्या, डोळ्यांदेखत झालंय. आणि अजून मिटलेलं नाही.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रनाळ्याच्या रस्त्यावरचा फर्निचरचा कारखाना, भूपेश तिथेच कामाला. वेळ भरदुपारची, अडीचचा सुमार.

धडगावकडचा गोवाल तिथे कटर मशीनवर होता. गोल पात्यावरचं लोखंडी झाकण योगेंद्र मिस्त्रीने कधीच काढून खिळ्याला टांगलं होतं. काम अडतं म्हणे. गोवाल त्यावर काही बोलायचा नाही. पण पात्यात लाकडाची चिपाटी अडकली की तो आधी भिंतीवरचा मशीनचा खटका खाली पाडायचा, त्याला आपलं पिवळ्या पट्ट्यांचं फडकं बांधायचा, मगच हात घालायचा. लाईट गेलेली असली तरी. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, हा त्याचा नियम. सगळे टर उडवायचे. नवस बांधी ऱ्हायना म्हणायचे.

त्या दिवशी लाईट गेली. गोवालने खटका पाडला, फडकं बांधलं आणि पात्यावर वाकला.

नवापूरच्या गिऱ्हाईकाचं किचनचं फर्निचर संध्याकाळी पोचवायचं होतं. लाईट येताच सगळ्या मशिनी एकदम सुरू व्हाव्यात म्हणून मिस्त्री एकेक खटका वर करत निघाला. मध्ये फडकं आलं. मागे वळूनही न बघता त्याने ते सोडलं, भूपेशच्या खांद्यावर फेकलं, खटका वर केला आणि पुढे गेला.

भूपेशला वाकलेला गोवाल दिसत होता.

वेळ होता हो! दोन शब्द बोलायला कितीसा लागतो? पण मिस्त्रीला कोण टोकणार? लाईट काय लगेच येतेय थोडीच, असं भूपेशला वाटलं. त्याने त्या फडक्याने घाम पुसला.

आणि... लाईट आली.

गोवाल दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

मिस्त्रीने पोलिसांना सांगितलं, गोवालने खटका पाडलाच नव्हता, चूक त्याचीच. फडकं भूपेशने भुशात जाळून टाकलं.

चौथ्या दिवशी गोवालची बायको शांतीबाई कारखान्यात आली. तिने काहीही मागितलं नाही. नवरा धांदरट होता, स्वतःच्या हाताने मेला, असं गावात सगळे म्हणत होते, ते तिला सोसत नव्हतं.

"दादा, तुम्ही तिथे होता. त्याने खटका बंद केला होता ना?"

भूपेशने मिस्त्रीकडे पाहिलं.

"मी काही देखं नही, बाई."

नालायक. माझा भाऊ असला म्हणून काय झालं?

बाराव्या दिवशी पुन्हा भरदुपारी लाईट गेली. मशिनी थांबल्या. पंखे थांबले. एरवी अशा वेळी रस्त्यावरचे ट्रक तरी ऐकू येतात...

तेही नाही.

भूपेशने भिंतीकडे पाहिलं. खटक्याला फडकं बांधलेलं होतं. पिवळ्या पट्ट्यांचं. ओलं. थेंब टपकत होते, पण खालची फरशी कोरडीच होती.

बाकी कुणाला ते दिसत नव्हतं.

पात्यात चिपाटी अडकली होती. आता मिस्त्रीही टरकून असायचा. खटका खाली आहे हे त्याने दोनदा बघितलं आणि भूपेशला तिथेच उभं केलं. "आठेच उभा ऱ्हाय. कोनले हात लावू देऊ नको."

मग हात घातला.

भूपेश खटक्याकडे पाठ करून उभा होता. समोर दुसरा कारागीर नवल प्लायला पट्टी लावत होता.

मागून... गाठ सुटल्याचा आवाज आला. सावकाश.

मग खांद्यावर काहीतरी ओलं येऊन पडलं.

मग... खट्.

ओरडायला वेळ होता. त्या दिवशीइतकाच. भूपेश शपथेवर सांगतो, तोंड उघडलंच नाही.

लाईट आली.

मिस्त्रीचा उजवा हात मनगटापासून गेला. जगला तो. शुद्धीवर येताच त्याने पोलिसांपुढे भूपेशचं नाव घेतलं. खटक्याजवळ दुसरं होतंच कोण?

भूपेशने नवलचे पाय धरले. तू समोर होतास, माझे हात खाली होते, एवढंच सांग म्हणाला. नवल त्याच्या खांद्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याने मान खाली घातली.

"मी काही देखं नही."

मागच्या महिन्यात भूपेश धडगावला गेला. शांतीबाईला सगळं खरं सांगितलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. मला नको, पोलिसांना सांग, म्हणाली. त्याने तेही केलं. साहेब हसले. स्वतःवर केस झाल्यावर बरं आठवलं, म्हणाले. कागदावर गोवालची चूक आहे तशीच आहे.

भूपेशची बायको, मोहिनी वहिनी, सांगते, उन्हात कडक वाळलेला शर्टही त्याने अंगात घातला की त्याचा उजवा खांदा ओला होतो.

काल दुपारी मी त्याच्या घरी होतो. लाईट गेली. माझी नजर भिंतीवरच्या बटनाकडे गेली... आणि तिथून हलेना.

"दिसनं का तुले?" भूपेशने विचारलं. रडवेला झाला होता. एक हो ऐकायला जीव टांगला होता त्याचा.

मी चपला घातल्या.

"मी काही देखं नही," म्हणालो.