तीन वेळा माप

दुकानात शिरल्या शिरल्या त्या मुलाने वाकून नमस्कार केला, तो फ्रेम मांडायच्या प्लॅस्टिकच्या डोक्याला.

"काका, मला डोळे तपासायला पाठवलंय," तो अगदी अदबीने त्या डोक्याला म्हणाला.

काउंटरमागे काच घासत बसलेली बारकी स्टुलावरून पडायचीच काय ती बाकी राहिली.

"काका आत आहेत," ती म्हणाली. "तू ज्यांच्याशी बोलतोयस ना, ते फारसं बोलत नाहीत."

तो वळला. पापण्यांवर पीठ, कानामागे पीठ, अंगाला ताज्या पावाचा वास... आणि चेहऱ्यावर ओशाळं, वेडगळ हसू. बारकीच्या हातातली काच उगाचच जास्त घासली गेली.

घरात धाकटी म्हणून तिला बारकी म्हणायचे, एवढंच. बाकी तिच्यात बारीक असं काही नव्हतं. ती वर्गात हळू बोलली तरी पलीकडच्या इमारतीतली माणसं मान डोलवायची. अठरावं नुकतंच सरलेलं, शाळेचं शेवटचं वर्ष. शाळेची नवी पद्धत अशी की सोमवार ते बुधवार वर्गात बसायचं आणि गुरुवार ते शनिवार खऱ्याखुऱ्या कामावर शिकायला जायचं. बारकीने चष्म्याचं दुकान निवडलं, आणि घरात आठवडाभर भांडी जरा जोरातच आपटली.

"काचा पुसायला शाळेत घातलं का तुला?" बाबा म्हणाले.

"पुसत नाही, घासते. फरक बघायला या एकदा."

शेवटी तह झाला. सहामाहीला शाळेच्या बाई दुकानात पाहणीला येतील. त्यांनी 'उत्तम' शेरा दिला तर दुकान चालू. नाहीतर सहाच्या सहा दिवस वर्गात, निमूटपणे.

पाववालाही त्याच शाळेतला निघाला, दुसऱ्या तुकडीतला. तो बेकरीत शिकत होता. भट्टीचा काटा दोनशेवर आहे की तीनशेवर हे त्याला दिसलं नाही, आणि त्या सकाळी पावांचा असा कोळसा झाला की चार गल्ल्यांमधली कबुतरं दुपारपर्यंत खोकत होती. "आधी डोळे, मग भट्टी," म्हणत बेकरीच्या मालकाने त्याला इकडे पिटाळलं होतं.

चष्मेकाकांनी डोळे तपासले. चष्मेकाका म्हणजे असा दरारा, की त्यांनी नुसतं रोखून पाहिलं तरी फ्रेमचे सैल स्क्रू आपसूक आवळले जात.

"एवढा मोठा नंबर! इतकी वर्षं फळा वाचलास कसा रे?"

"शेजाऱ्याच्या वहीतून."

"आणि त्याचंच चुकलं तर?"

"तर आम्ही बरोबरीने नापास व्हायचो, काका. मैत्री म्हणजे मैत्री."

बारकी फिसकन हसली. काकांनी रोखून पाहिलं. "बारके, माप घे. तीनदा!"

माप म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. ते बरोबर घेतलं तर काचेचा मध्य डोळ्यासमोर येतो, चुकलं तर माणसाचं जग तिरकं होतं. म्हणून दुकानाचा नियमच होता: तीनदा मापायचं, तीन आकडे वहीत वेगळे लिहायचे. आणि मापायचं कसं, तर नाकावर पट्टी टेकवून, समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघून. श्वास रोखून. अजिबात न हलता.

"माझ्याकडे बघ," बारकी म्हणाली.

"बघतोच आहे."

"हसू नकोस, पट्टी हलते."

"पट्टी माझ्यामुळे हलतेय... की तुझ्यामुळे?"

पापणीवरचा पिठाचा एक कण सावकाश खाली आला. बारकीच्या कानात कुणीतरी ढोल बडवावा तसं झालं. तिने पट्टी काढली आणि वहीत लिहिलं, अडुसष्ट मिलिमीटर. आता दुसऱ्यांदा... पण परत त्या डोळ्यांत बघायचं? तिने मान खाली घातली आणि त्याच आकड्याखाली तोच आकडा आणखी दोनदा लिहून टाकला.

चष्मा तयार झाला. तेव्हापासून पाववाला दर शनिवारी हजर.

"स्क्रू सैल झालाय."

"दर शनिवारी बरा सैल होतो!"

"माणूसच सैल असेल तर स्क्रूने काय करायचं?"

तो एक गरम पाव काउंटरवर ठेवायचा, ती नसलेला स्क्रू आवळायची. तो कपाळ चोळत असायचा, पण कपाळाकडे बघायला सवड कुणाला होती?

तीन आठवड्यांनी बाई पाहणीला आल्या. वही उघडली आणि खूश झाल्या.

"अडुसष्ट, अडुसष्ट, अडुसष्ट! काय नेमकी मुलगी आहे हो!"

चष्मेकाकांची भुवई वर गेली. चाळीस वर्षं ते माप घेत होते. हात माणसाचा, नजर माणसाची, आकडे केसभर तरी इकडेतिकडे होतातच. त्यांनी बारकीकडे पाहिलं. बारकीने घासून झालेली काच पुन्हा घासायला घेतली.

तेवढ्यात पाववाला आला. बाईंनी विचारलं, "चष्मा कसा झालाय रे?"

"फर्स्टक्लास, बाई! असा चष्मा कुणाला मिळणार नाही!" असं म्हणत तो ऐटीत खुर्चीवर बसायला गेला आणि खुर्चीच्या हातभर बाजूला धपकन जमिनीवर बसला.

बारकी धावली. तिने त्याच्या नाकावरून चष्मा ओढला, यंत्रावर धरून काचांच्या मध्यावर पेनाने ठिपके केले आणि परत नाकावर ठेवला. ठिपके बुबुळांवर यायला हवे होते. ते निघाले होते कानांच्या भेटीला.

"डोकं दुखतं?" तिने हळूच विचारलं.

"थोडंसं."

"कधीपासून?"

"चष्मा आल्यापासून... एका खुर्चीच्या दोन दिसतात. मी अंदाजाने मधोमध बसतो."

"आणि बोलला नाहीस?"

"तुझी पाहणी होती ना," तो कुजबुजला. "म्हटलं, एवढी होऊन जाऊ दे."

त्याला वाटलं होतं, तिचे डोळे भरून येतील. डोळे भरले खरे, पण रागाने.

"माझी चूक झाकायला तुला कुणी सांगितलं? चूक माझी आहे! ती मीच निस्तरणार!" ती गरकन वळली. "बाई, तो शेरा लिहू नका. मी एकदाच मापलंय. बाकीचे दोन आकडे खोटे आहेत."

प्लॅस्टिकच्या डोक्यानेही कान टवकारले असावेत.

"एकदाच का मापलंस?" बाईंनी विचारलं.

"कारण आहे. पण ते फॉर्मवर लिहिण्यासारखं नाही."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग पाववाल्याकडे. "मग 'उत्तम' देता येणार नाही मला."

"नका देऊ. पण चूक मीच सांगितली आणि चष्मा मीच नव्याने करून देणार आहे, हेही लिहा."

"त्यासाठी फॉर्मवर रकाना नाही."

"समास आहे ना, बाई!"

बाईंनी लिहिलं, 'पुन्हा पाहणी आवश्यक.' आणि समासात बारीक अक्षरात बाकीचं. चष्मेकाकांनी त्याखाली सही ठोकली. बारकीने चष्मा जप्त केला. "गुरुवारी ये. तोवर भिंती धरून चाल."

"गुरुवारी तू असशील?"

तिने चष्मा खणात टाकून खण लावला.

घरी तिने तो कागद स्वतःच बाबांपुढे ठेवला.

"म्हणजे 'उत्तम' नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. गप्प बसले असते तर 'उत्तम' मिळतच होता, बाबा. तसला मला नको होता. माझ्या हाताने एकाचं डोकं तीन आठवडे दुखतंय. त्याचा चष्मा मी करून देणार. गुरुवारी मी दुकानात जाणार. तुम्ही ओरडा, आईला भांडी आपटू द्या, मी जाणार!"

बाबांनी कागद दोनदा वाचला. समास तीनदा. मग स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही काडी केव्हाची हलतेय," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "जातेच आहेस, तर घेऊन जा."

गुरुवारी पाववाला भिंती धरत धरत आला. यावेळी त्याने नमस्कार केला नाही. समोर माणूस आहे की प्लॅस्टिकचं डोकं, याची आधी हात लावून खात्री केली.

"मीच आहे," बारकी म्हणाली. "बस. इथे एकच खुर्ची आहे."

तिने नाकावर पट्टी टेकवली.

"बासष्ट," तिने लिहिलं. पुन्हा पट्टी, पुन्हा डोळे. "एकसष्ट." पुन्हा. "बासष्टला जरासं कमी."

"त्या दिवशी एकदाच का मापलंस?"

"पुन्हा बघवलं नाही."

"इतका वाईट दिसतो?"

"हो... इतका!"

"आणि आज?"

"आज बघणार. मनसोक्त बघणार. मी कुणाच्या बापाला भीत नाही. माझ्यासुद्धा!"

"बारके, तीन झाले ना?" आतून काकांचा आवाज आला.

"झाले, काका!"

तिने पट्टी खाली ठेवली. आणि नजर तशीच ठेवली, जिथे होती तिथे.