उजव्या पंखाचं पीस

वरच्या गावातून बाजाराकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर क्लोविस माझ्यावर आदळला. जुलैची सर अचानक आली होती आणि मी डोक्यावर टोपली धरून पळत वर चालले होते. त्याच्या काखेतलं गाठोडं सुटलं. हंसाची पांढरी पिसं ओल्या पायऱ्यांवर पसरली.

"बघून चालावं माणसानं," मी म्हणाले.

"बघतच होतो," तो म्हणाला. "म्हणून तर पाय घसरला."

मी वाकून पिसं गोळा करायला लागले, कारण ती आमच्याकडेच चालली होती हे मला दिसत होतं. आमच्या मालकीण मादाम मांजेंच्या मुरांब्याच्या कामाला दर हंगामात गावाबाहेरच्या हंसवाल्या बाईकडून पिसं येत. हा तिचा मुलगा. तिचा गुडघा धरला होता म्हणून तो आला होता.

आम्हा बायकांचं काम रेडकरंटमधल्या बिया काढायचं. फळ लाल, आंबट, वाटाण्याएवढं, साल इतकी पातळ की आतल्या बिया बाहेरून दिसतात. पीस तिरकं छाटायचं, टोकानं देठापाशी सालीला बारीक चीर द्यायची, बिया अलगद बाहेर ओढायच्या आणि सालीची झडप परत मिटवायची. गर सांडता कामा नये. मग ते फळ साखरेच्या उकळत्या पाकात जातं आणि अखंड राहतं. आमच्या बार-ल-दुक गावचा मुरांबा असाच होतो. सुईनं केला तर साल फाटते. आम्ही करून पाहिलेलं आहे.

माझी फळं पिसानंही फाटत. फाटलेली फळं जेलीच्या पातेल्यात जात, आणि माझ्यामुळे ते पातेलं नेहमी भरलेलं असे. मादामनी स्पष्ट सांगितलं होतं, "लेओनी, हंगाम संपताना तुझी एक बरणी वेगळी शिजवीन. फळं अखंड असली तर राहा. नाहीतर नान्सीला तुझ्या बहिणीकडे जा." बहीण नान्सी शहरात एका खानावळीत भांडी घासायची. तिथे माझ्यासाठी जागा होती. मला ती नको होती.

माझी ओर्तांसमावशी त्याच टेबलावर माझ्या शेजारी बसायची. तिनंच मला वाढवलं. तिचा एकही दाणा कधी फाटला नाही. क्लोविसनं ओली पिसं टेबलावर मांडली तेव्हा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि परत मान खाली घातली.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. हातात काहीच नव्हतं.

"आता काय?" मावशीनं विचारलं.

"घसा बसलाय. परवा भिजलो ना."

मावशीनं रेडकरंटचा रस गरम पाण्यात घालून दिला, वर चमचाभर मध. "यात सी जीवनसत्त्व असतं. रक्ताला चांगलं, हिरड्यांना चांगलं. पी."

तो प्यायला. डोळे मिटून, एका दमात.

पुढच्या खेपेला भूक लागत नव्हती. मावशीनं पांढऱ्या ताज्या चीजवर मूठभर फळं टाकून वाटी पुढे केली. त्यानंतर अंगात कसकस होती, तेव्हा गार सरबत. एकदा त्यानं नुसतं "पोट..." म्हटलं.

"साफ होत नाही?" मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं. "मग बियांसकट खा. सालीसकट. सकाळपर्यंत काम होतं."

टेबलावरच्या बायका खाली मान घालून हसल्या. क्लोविसचे कान त्या फळांच्या रंगाचे झाले. पण त्यानं वाटी संपवली. मीच उठून त्याला पाणी दिलं.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"आता वाटलं," तो म्हणाला. माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत... नुसत्या पेल्याकडेच नाही.

मी जागेवर येऊन बसले आणि लागोपाठ तीन फळं फाडली.

तो दारात थांबला होता. "तू डाव्या हातानं करतेस," तो म्हणाला.

"आता दिसलं तुला?"

"दिसत आधीपासून होतं. लक्षात आत्ता आलं." त्यानं जवळ येऊन माझ्या हातातलं पीस घेतलं आणि उजेडात धरलं. "हे डाव्या पंखाचं. आम्ही सगळी तीच पाठवतो. ती बाहेर वळतात, उजव्या हाताला बरी पडतात. तुझ्या हातात ते आत वळतं. फळ झाकलं जात असेल."

खरंच झाकलं जायचं. मी रोज मनगट मुडपून काम करत होते आणि मला वाटायचं, माझा हातच वाईट.

"मग उजव्या पंखाची कुठे जातात?" मी विचारलं.

"आई त्यांनी पावावर लोणी फिरवते."

दुसऱ्या दिवशी तो उजव्या पंखाची मूठभर पिसं घेऊन आला. मी एक छाटलं. चीर बरोबर देठापाशी गेली, बिया एकामागून एक आल्या, साल मिटली. मी ते फळ त्याच्यापुढे धरलं.

"खा."

तो थोडा मागे सरला. "लेओनी... एक सांगू? मला आंबट चालत नाही. लहानपणापासून. दात आंबतात, रात्री पाव चावता येत नाही."

"मग इतके दिवस?"

"दुसरं काही देत नव्हत्या ना तुझ्या मावशी."

मावशी मान वर न करता म्हणाली, "मागितलंस का दुसरं काही?"

शेवटची फळं आली ती थोडी कच्ची होती. जेलीला तीच बरी, आपली आपण घट्ट बसते. हिवाळ्यात सशाच्या मटणाबरोबर लोक तीच जेली खातात. पण बरणीसाठी मादामनी मला पिकलेली निवडून दिली. मी दोन दिवस एकटीनं त्यांच्या बिया काढल्या. क्लोविसही आला नाही. मला वाटलं, त्याचं आंबट सोसून झालं.

बरणी गार झाल्यावर मादाम मांजेंनी ती खिडकीशी धरली. पाक काचेसारखा स्वच्छ होता. लाल दाणे त्यात जिथल्या तिथे लटकले होते. फाटलेली साल वर तरंगते. दोनच तरंगत होत्या. मादामनी बरणी फिरवली, पुन्हा फिरवली.

"दोन चालतात," त्या म्हणाल्या. "पुढच्या जुलैत पुन्हा या टेबलावर ये. तोवर जेलीच्या कामाला राहा."

मी अंगणात आले तर क्लोविस फाटकाशी उभा. अंगात रविवारचा कोट, बुटांवर स्टेशनवरची धूळ.

"मी राहिले," मी सांगितलं.

त्याचा चेहरा आधी उजळला, मग पडला.

"काय झालं?"

"नान्सीला गेलो होतो. तुझं इथलं जमलं नाही तर... म्हणून तिथल्या बाजारात कोंबड्या-बदकांच्या दुकानात जागा बघितली. तुझ्या बहिणीच्या खानावळीच्या गल्लीतच आहे. सोमवारी ये म्हणालेत. मी हो म्हणून आलो."

मला हसू आलं.

"इथे पिसं कोण आणणार?" मी विचारलं.

"आई आणेल. गुडघा बरा आहे तिचा."

"तिला माझी पिसं कुठली ते कळणार नाही."

"तिनंच मला डावं-उजवं शिकवलं, लेओनी."

"मग... पावाला लोणी लावायला तिला पिसं उरणार नाहीत."

"हातानं लावेल."

आत बायका पातेली घासत होत्या. मावशीनं हातातलं पातेलं मुद्दाम खाली ठेवलं होतं, ती ऐकत होती.

"मग माझ्यासाठी थांब," मी म्हणाले. "जाऊ नकोस."

क्लोविसनं डोक्यावरची टोपी काढली, कोटाच्या खिशात कोंबली आणि आत येऊन फाटकाची कडी लावली.

"बरं," तो म्हणाला.