आंबवणीची टाकी

भाताच्या पेंढ्यापासून गाड्यांसाठी इथेनॉल करणाऱ्या त्या कारखान्यात दोघी बहिणींतल्या धाकटीकडे आंबवणीच्या टाक्यांचं काम होतं. पेंढा कुटून, शिजवून त्याची साखर झाली की ती इथे यायची. यीस्ट पडलं की टाकीतला वायू नळीवाटे पाण्याच्या बादलीत उतरायचा आणि दिवसभर बुडबुड चालायची. हे काम तिला हाताला धरून शिकवलं ते भाऊजींनी, ताईच्या नवऱ्यानं.

भाऊजी गेले तेही अशाच एका टाकीत. धुवायला उतरताना त्यांनी झाकणाशी पाय सोडून विचारलं होतं, "आतली हवा तपासलीस ना गं?" ती फोनवर कुणाशीतरी हसत होती. "हो हो, उतरा."

हवा तपासायचं यंत्र तिच्या खिशातच होतं. तळाशी साचलेल्या वायूनं त्यांना हाक मारायचीही सवड दिली नाही.

यंत्र बिघडलं होतं, असं तिनं चौकशीत सांगितलं. सगळ्यांना पटलं. ताईनं तर तिलाच कुशीत घेऊन थोपटलं.

टाकी धुऊन पुन्हा भरली. पण धाकटी बादलीपाशी गेली की बुडबुडे थांबायचे, आणि ती लांब गेली की सुरू व्हायचे. तिनं नळी बदलली, मग बादली बदलली. शेवटी फिटर म्हणाला, "मॅडम, तुम्ही आलात की ही श्वास धरून बसते बघा!"

त्याच दुपारी तिनं बदलीचा अर्ज दिला.

संध्याकाळी ताई गाडी घेऊन न्यायला आली. कारखान्याच्याच पंपावर गाडीत इथेनॉल भरून घेतलं होतं तिनं. धाकटी आत बसली, दार लावलं आणि इंजिन बंद पडलं. ती उतरली तर चालू. पुन्हा बसली तर पुन्हा बंद.

"अगं, काय जाड झालीयेस का?" ताई हसली. भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदाच.

ते हसू धाकटीला सोसवेना.

"ताई, यंत्र चांगलं होतं. मी तपासलंच नव्हतं."

ताईचा हात किल्लीवरच राहिला.

"त्यांनी विचारलं होतं तुला?"

"हो."

"मग?"

"उतरा म्हटलं मी."

ताईनं किल्ली काढली, उतरली आणि मागे न बघता रस्त्याच्या कडेनं चालू लागली.

धाकटी श्वास रोखून तिच्या पाठीकडे बघत राहिली.

आरशात मागची सीट रिकामी होती. तिच्या बाजूची काच आतून वाफेनं धुरकट झाली.

निवळली.

पुन्हा धुरकट झाली.